तळातले पाच टक्के

३ मार्च, मंगळवार

ताई,

पत्राच्या आरंभी मोठ्यांना नमस्कार लिहितात. तू तो घेशील याची खात्री नाही, म्हणून तूर्त माझ्याकडेच ठेवतो.

फोन तू उचलत नाहीस. जवळजवळ चार वर्षांत मी नऊ वेळा केला. नऊही वेळा भावोजींनी उचलला आणि "ती कामात आहे" म्हणाले. एकदा तर मागून तुझाच आवाज आला, "सांगा त्याला, मी कामात आहे." म्हणून हे पत्र.

विशेष काही नाही. सहज. लाँड्री कशी चाललीय? भावोजींची कंबर? आणि तुझं ते मोठं धुलाईयंत्र, गेल्या वर्षी घेतलेलं, ते कसं आहे? घरघर वगैरे करतं का?

मला बढती मिळाली. आता मी प्रमाणपत्र अधिकारी. स्वतंत्र खोली आहे. खिडकी जिन्यात उघडते, त्यामुळे दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची फक्त डोकी दिसतात. टकलावरून मी आता पन्नास माणसं ओळखतो.

काम काय, ते सांगतो. आमची कंपनी दुकानदारांना यंत्रासाठी कर्ज देते हे तुला माहीतच आहे. न्हाव्याला खुर्ची, बेकरीला भट्टी, दातांच्या डॉक्टरला ती आडवी होणारी खुर्ची. अशी चारशे-साडेचारशे कर्जं जमली की आम्ही त्यांचा एक गठ्ठा बांधतो, त्या गठ्ठ्यावर रोखे काढतो आणि ते बाहेरच्या बड्या मंडळींना विकतो. पुढे दुकानदार जे हप्ते भरतात ते त्या मंडळींकडे जातात. आमचे पैसे आम्हाला आधीच मिळालेले असतात, आम्ही पुढची कर्जं वाटायला मोकळे.

यात एक गोम होती. कर्ज बुडालं तर आमचं काय जायचं? काही नाही. त्यामुळे देताना आम्ही फारसे डोळे ताणत नसू. एका गृहस्थाला आम्ही बर्फाच्या यंत्रासाठी कर्ज दिलं आणि त्याच्या दुकानात वीजच नव्हती. अर्जात विजेचा रकाना होता. त्यात त्यानं लिहिलं होतं, "लवकरच."

म्हणून नवा नियम आला. जो गठ्ठा बांधतो त्यानं निदान पाच टक्के धोका स्वतःच्या अंगावर ठेवायचा. विकायचा नाही, दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही, त्यावर विमा उतरवून हात झटकायचे नाहीत. किती दिवस? दोन वर्षं, किंवा गठ्ठ्यातलं दोन तृतीयांश कर्ज फिटेपर्यंत. जे उशिरा येईल ते. थोडक्यात, आपण रांधलेलं आपणही खायचं.

साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हा नियम वाचला तेव्हा मी समोर उभा होतो. "पाच टक्के? माझे?" असं ते म्हणाले, जसं काही कुणी त्यांचं मूत्रपिंड मागितलं होतं. मग कळलं की ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. गठ्ठ्याला थर असतात. आलेले पैसे आधी वरच्या थराला मिळतात, उरलेसुरले तळाला. बुडालं की मात्र तळ आधी बुडतो. तर एकतर प्रत्येक थराचा पाच टक्क्यांचा पातळ काप ठेवायचा, नाहीतर सगळे पाच टक्के तळातले घ्यायचे. तळाला परतावा दणदणीत असतो. साहेबांनी तळ घेतला.

आणि तो कंपनीकडेच आहे. तसं प्रमाणपत्रसुद्धा आहे. सगळं उत्तम.

तर यंत्राचं कळव. घरघर बारीक असते तेव्हाच दाखवून घ्यावं.

तुझा धाकटा

१२ मार्च, गुरुवार

ताई,

उत्तर आलं! लाँड्रीच्या पावतीवर का होईना, आलं. मी ती पावती खोलीत लावून ठेवली आहे. "कपडे: पत्र, एक नग. डाग: जुना. हमी नाही. यंत्र ठीक आहे. तुला यंत्राचा पुळका कधीपासून?"

तू लहानपणीसुद्धा अशीच होतीस. मी काहीतरी लपवतोय हे माझ्याआधी तुला कळायचं.

बरं, सांगतो. बसून वाच. ते यंत्र तुला ज्या विक्रेत्यानं हप्त्यांवर दिलं, त्यानं कागद पुढे केले आणि तू सह्या केल्यास. शेवटच्या पानावर कर्ज देणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात होतं. ते नाव आमच्या कंपनीचं आहे. आमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं तू म्हणाली होतीस, आणि तू ठेवलं नाहीसच. आमचं दारच तुझ्या घरात आलं. नव्या गठ्ठ्यात तुझं कर्ज आहे, चारशे बारापैकी दोनशे सतरावं. मला यादी तपासताना दिसलं. देवाशपथ त्याआधी माहीत नव्हतं.

तू रागानं पत्र इथेच फेकलं असशील तर भावोजींनी उचलून पुढे वाचावं.

आता दुसरी गोष्ट. तळातले पाच टक्के कंपनीकडे आहेत असं मी लिहिलं होतं. कंपनी म्हणजे काय? भिंती का? माणसंच ना? तर साहेबांनी ते माणसांना वाटले.

झालं असं. गेल्या महिन्यात त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. सत्तावीस माणसं. साहेबांचे डोळे पाणावलेले. म्हणाले, "तुम्ही माझं कुटुंब आहात. या वर्षी बक्षीस म्हणून रोख रक्कम देणार नाही. रोख आज आहे, उद्या नाही. मी तुम्हाला भागीदारी देतो." आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट. टाळ्या पडल्या. वसुलीला जातो तो आमचा माणूस, ज्याला सगळे मुंगूस म्हणतात, तो तर रडला. तो रडलेला मी पहिल्यांदा पाहिला. एरवी त्याला पाहून लोक रडतात.

चहा देणाऱ्या मावशींनाही पाकीट मिळालं. त्यांनी ते उघडून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मला विचारलं, "हे विकता येतं का हो?"

"नाही, मावशी."

"विमा?"

"तोही नाही."

"आणि बुडालं तर?"

"आधी आपलं बुडतं."

"म्हणजे लग्नच झालं की हे," मावशी म्हणाल्या आणि पाकीट कमरेला खोचून कपबशा उचलायला गेल्या.

माझ्याही वाट्याला एक पाकीट आलं. म्हणून यंत्राची चौकशी केली, हे तुला आता कळलंच असेल. पण फक्त म्हणून नाही. थोडी तुझीही केली होती.

प्रमाणपत्रावर लिहिलंय की पाच टक्के प्रायोजकाकडे, म्हणजे गठ्ठा बांधणाऱ्या कंपनीकडेच आहेत. कागदावर काहीतरी लिहावं लागतंच. सही कुणाची, वगैरे तपशिलात काही अर्थ नसतो.

तुझा धाकटा

२७ मार्च, शुक्रवार

ताई,

तुझी पावती मिळाली. दोनच शब्द. "सही कुणाची?"

माझी.

साहेब म्हणाले, "तू सही कर, बाकीचं मी बघतो." मी म्हणालो, "हो." मी सहा वर्षांचा असताना तू माझं नाव होयबा ठेवलंस. शेजारच्या बाईंनी विचारलं, "खिडकी तू फोडलीस का रे?" आणि मी हो म्हणालो, फोडली तू होतीस तरी. त्याचा तुला फायदा झाला होता हे विसरू नकोस. पण सवय लागली ती लागलीच. या कचेरीत मी एकवीस वर्षं आहे आणि मला वाटतं "नाही" हा शब्द मी फक्त "साखर हवी का?" याला उत्तर म्हणून वापरलाय.

पण इथे काय चाललंय ते ऐक. तुला हसू येईल. आलं तर पावतीवर तसं लिही.

पाकिटात नेमकं काय आहे हे लोकांना पंधरा दिवसांनी कळलं. मुंगूस एका न्हाव्याकडे गेला होता. दोन हप्ते थकलेले. एरवी मुंगूस काय करतो? आत जातो, खुर्चीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "छान खुर्ची आहे. किती दिवस आहे?" या वेळी हात ठेवला आणि थबकला. खुर्ची उचलून आणली की ते कर्ज बुडीत धरायचं. बुडीत धरलं की तोटा आधी तळाला. आणि तळ त्याच्या पाकिटात. तो तसाच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बारीक करा."

तिथेच त्याला दिसलं की न्हाव्याचा हात सोन्यासारखा आहे, पण दुकानाची पाटी समोरच्या झाडामागे गेली आहे. मुंगसानं स्वतः शिडी आणून पाटी हलवली. नंतर कचेरीत येऊन प्रत्येकाला सांगितलं, "केस वाढलेत तुमचे." ताई, त्या आठवड्यात अख्ख्या कचेरीचे केस कापले गेले. आमच्या हिशेबनीसांच्या डोक्यावर मोजून अकरा केस आहेत. ते दोनदा जाऊन आले.

मग मावशींनी सूत्रं हातात घेतली. रोज चार वाजता, चहा झाला की जेवणाच्या खोलीत यादी उघडायची. चारशे बारा नावं सत्तावीस जणांत वाटून घेतली. प्रत्येकानं आपापल्या माणसांकडे जाऊन यायचं. मावशी सगळ्यांना प्रश्न विचारतात. "आइस्क्रीमची गाडी शाळेच्या मागच्या दाराला का उभी असते? पोरं पुढून सुटतात ना?" गाडी पुढच्या दाराला आली, हप्ता वेळेवर आला. "बेकरीवाल्याचा पाव दुपारी निघतो? मग सकाळी लोक काय खातात, त्याचं तोंड?" बेकरीवाला आता पहाटे उठतो. मावशींना शिव्या देतो, पण उठतो.

एकवीस वर्षं आम्ही या लोकांना कर्ज दिलं आणि मुंगूस सोडला तर कुणी त्यांच्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. मी स्वतः दातांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन दाढा काढून आलो. एक दुखत होती. दुसरी केवळ पाठिंबा म्हणून.

बर्फाचं यंत्र घेणारा मात्र आता सापडत नाही. लवकरच सापडेल म्हणतात.

तुझा होयबा

१४ एप्रिल, मंगळवार

ताई,

"एका आठवड्यात चौदा नवी गिऱ्हाइकं. सगळ्यांचे केस नुकतेच कापलेले. एकानं स्वच्छ पडदे धुवायला आणले. एक जण यंत्राला कान लावून उभा होता. तू पाठवलेस का?"

हो. पण पडदे माझी कल्पना नव्हती. ते हिशेबनीस. त्यांच्या घरी धुवायला दुसरं काही उरलं नव्हतं. कान लावणारा मुंगूस. तो म्हणतो, यंत्र ठणठणीत आहे, पण बाई फार करड्या आहेत. तो वसुलीला आलाय असं समजून तू म्हणे त्यालाच दटावलंस आणि धुण्याचे आगाऊ पैसे घेतलेस.

हे पत्र मात्र हसायचं नाही. आज सकाळी चिठ्ठी आली आहे. नियामकांकडून तपासनीस बाई येणार, पुढच्या सोमवारी. विषय: राखून ठेवलेला धोका खरोखर राखला आहे का.

साहेबांनी मला बोलावलं. दार लावलं. म्हणाले, "काळजी करू नकोस. त्या विचारतील, पाच टक्के कंपनीकडेच आहेत ना? तू काय म्हणशील?"

"हो," मी म्हणालो.

"बघ, किती सोपं आहे!" त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "विकलेत का आपण? नाही. बक्षीस दिलंय. बक्षिसाबद्दल नियमात अक्षर नाही."

नियमात अक्षर आहे, ताई. "दुसऱ्याकडे देणे" असं स्पष्ट आहे. विकून द्या, नाहीतर ओवाळून द्या. मी ते वाक्य एकवीस वेळा वाचलं. खोटं बोललो आणि पकडलो गेलो तर नोकरी जाईल, पुढे कुणी दारात उभं करणार नाही. खरं बोललो तर साहेबच काढतील. आणि खरं बोललो तर सगळ्यांची पाकिटं जातील. मावशींनी त्या पाकिटाच्या जिवावर गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे. कचेरीत मी हे कुणाला बोललो नाही. सगळे मला बघून हसतात, कारण केस सगळ्यांचे सारखे कापलेत.

मी काय करू? तू सांगशील तसं करतो.

तुझा होयबा

२२ एप्रिल, बुधवार

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. पावती नव्हती, पूर्ण कागद होता. "मला काय विचारतोस? मी विचारायला आले होते तेव्हा तू मला मॅडम म्हणालास."

आधी तेच लिहितो. तपासणीचं नंतर.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी तू आमच्या काउंटरसमोर रांगेत उभी होतीस. जुन्या धुलाईयंत्राचा आतला ढोल फुटला होता, दुरुस्तीला दीड महिना लागणार होता. तुला दोन हप्त्यांची सवलत हवी होती, एवढंच. कर्जाचे कागद मीच भरले होते, तुझ्याच स्वयंपाकघरात बसून. तू म्हणालीस, "अरे, एवढं सांग ना आत." आणि माझ्या मागे साहेब उभे होते. मी म्हणालो, "मॅडम, आपलं कर्ज आता आमच्याकडे नाही. आपला अर्ज संबंधितांकडे पाठवला जाईल." संबंधित कोण, हे मला माहीत नव्हतं. मी आत जाऊन विचारलंही नाही. अर्ज मी टेबलाच्या खणात ठेवला. तो संबंधितांकडे गेला नाही, ताई. तो दोन वर्षं खणातच होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही हप्त्यांसाठी गाडी विकली हे मला वर्षभरानं भावोजींकडून कळलं. तेव्हापासून त्यांची कंबर गेली, कपड्यांचे गठ्ठे खांद्यावरून नेऊन. त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर मी कंबर कशी आहे एवढंच विचारलं. का दुखते हे मला ठाऊक होतं.

आता सोमवार.

तपासनीस बाई बारीक चणीच्या, चष्मा साखळीला लावलेला, हातात डबा. चहा नको म्हणाल्या, त्यामुळे मावशींचं त्यांच्याबद्दल वाईट मत झालं. साहेब, मी आणि त्या. टेबलावर माझं प्रमाणपत्र.

"तळातला हिस्सा कुणाकडे आहे?" बाईंनी विचारलं.

"घरातच," साहेब म्हणाले. "आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे."

"कुटुंबात कुणाकडे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. कागदावर बोट ठेवून विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"खरी आहे?"

"हो," मी म्हणालो, आणि पुढे कसं काय निघालं मला ठाऊक नाही. "सही खरी आहे. मजकूर खोटा आहे."

साहेबांना ठसका लागला. पाणी प्यायला दिलं तर तेही चुकीच्या वाटेनं गेलं. बाईंनी शांतपणे चष्मा लावला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं. दीड तास बोललो. बर्फाच्या यंत्रापासून. माझ्या दाढेपर्यंत. त्या लिहीत होत्या. फक्त न्हाव्याच्या ठिकाणी त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्या केसांकडे पाहिलं.

मग सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावून त्यांनी सांगितलं की पाकिटं परत करावी लागतील. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"का म्हणून? आम्ही घेतल्यापासून हप्ते वेळेवर यायला लागलेत. यांच्याकडे होतं तेव्हा येत होते का?"

"नव्हते," बाई म्हणाल्या.

"मग?"

"बर्फाच्या यंत्राला कर्ज तुम्ही मंजूर केलं होतं का, मावशी?"

"मी? मी आधी त्याच्या दुकानातला दिवा लावून बघितला असता."

"म्हणूनच ते तुमच्याकडे नको. ज्यानं दिवा लावून पाहिला नाही त्याच्याकडेच राहायला हवं. त्याशिवाय तो पुढच्या वेळी पाहणार नाही."

मावशी खाली बसल्या. कमरेचं पाकीट काढत म्हणाल्या, "पण मग आमचं बक्षीस?"

बाईंनी साहेबांकडे वळून विचारलं, "हो, त्यांचं बक्षीस?" नियमात तसं काही नाही, त्यांनी सहज विचारलं. पण ज्या माणसाला आता दंड होणार आहे त्याला सहज विचारलेलंही ऐकू येतं. रोख मिळणार आहे. मावशींची तारीख राहिली.

कंपनीला दंड. तळ साहेबांच्या कंपनीच्या नावावर परत. मला दोन वर्षं कुठल्याही प्रमाणपत्रावर सही करायला बंदी. खोली गेली. साहेब मला काढणार होते, पण बाईंनी जाता जाता अहवालात एक ओळ घातली की खरं सांगणाऱ्या कर्मचाऱ्याची पुढच्या तपासणीत भेट घेतली जाईल. पुढची तपासणी कधी ते लिहिलं नाही. त्यामुळे साहेब मला रोज "कसा आहेस?" असं विचारतात.

तू काही सांगितलं नाहीस ते बरं झालं. सांगितलं असतंस तर मी तेही हो म्हणून केलं असतं.

तुझा भाऊ

४ मे, सोमवार

ताई,

काल रविवारी मी दुकानात आलो, हे तुला माहीतच आहे, पण तिथे मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

दारात येऊन मी दहा मिनिटं पाटी वाचत उभा होतो. "आत ये, नाहीतर बाजूला हो, उजेड अडतोय," असं तू म्हणालीस. भावोजी खुर्चीत, पाठीला उशी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी एवढी कीव होती की मला परत जावंसं वाटलं. मी तोंड उघडलं तर तू हात वर केलास. "बोलायला वेळ नाही. हॉटेलच्या चादरी चारला न्यायला येतील. यांच्या कंबरेला वाकवत नाही. ते टोक धर."

मी टोक धरलं.

मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही, हे मला या वयात कळलं. दोघांनी दोन टोकांना उभं राहायचं, ताणायचं, झटकायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि मग चालत एकमेकांकडे यायचं. मी आलो. तू माझ्या हातातले कोपरे घेतलेस, वर पाहिलंसुद्धा नाहीस, आणि म्हणालीस, "वाकडी झाली. पुन्हा."

पहिल्या चादरीला चार वेळा "पुन्हा" झालं. दहाव्या चादरीला मी म्हणालो, "ताई, तो अर्ज..." तू म्हणालीस, "कोपरा सुटला." विसाव्या चादरीला मी म्हणालो, "गाडी विकावी लागली ते माझ्यामुळे..." तू म्हणालीस, "ताणून धर, ताणून." भावोजी मागून म्हणाले, "अगं, त्याला एक वाक्य तरी पुरं करू दे." तू म्हणालीस, "चादरी पुऱ्या होऊ देत आधी."

मधे तूच बोललीस. म्हणालीस, "तुझे साहेब येऊन गेले मंगळवारी." माझ्या हातून टोक निसटलं. "दोनशे सतरा नंबरचं कर्ज बघायला आलो म्हणाले. तासभर बसले. जाताना विचारत होते, पाण्याचा दाब कमी का येतो, नळवाला पाठवू का." मी विचारलं, "मग?" तू म्हणालीस, "मग काय, पाठवा म्हटलं. चांगला आहे नळवाला." आणि ताई, तुझ्या ओठाचा डावा कोपरा हलला. मी पाहिलं. तू नाही म्हणशील, पण मी साडेतीन फुटांवर होतो.

चौसष्ट चादरी झाल्या. हे मी मुद्दाम मोजलं, कारण मला वाटलं, संपल्या की तू मला घालवणार. शेवटची चादर होती तेव्हा मी टोकाशी उभा राहिलो आणि चाललोच नाही. तिथूनच सगळं एका दमात बोललो. मला तेव्हा मागे उभ्या असलेल्या माणसाची भीती वाटली आणि समोर उभ्या असलेल्या बहिणीची वाटली नाही, हे उलटं असायला हवं होतं, मी चुकलो, फार चुकलो. चादर आपल्या दोघांमध्ये ताणलेली होती. यंत्र फिरत होतं, त्यामुळे शेवटचं वाक्य मला ओरडून सांगावं लागलं आणि नेमकं त्याच क्षणी यंत्र थांबलं. "मी चुकलो" हे सगळ्या रस्त्यानं ऐकलं. समोरच्या दुकानातल्या बाईंनी डोकं बाहेर काढून पाहिलं.

तू चालत आलीस. सबंध दिवसभर मीच तुझ्याकडे येत होतो, या वेळी तू आलीस. कोपऱ्याला कोपरा लावलास आणि माझ्या हातातून चादर घेण्याऐवजी तुझीच बाजू माझ्या हातात दिलीस.

"घे," तू म्हणालीस. "आता ही तुझी तू घाल घडी."

मी घातली. वाकडी झाली असणार. तू ती उचललीस, एकदा पाहिलीस आणि तशीच इतर चादरींच्या वर ठेवून दिलीस.